आहार, व्यायाम आणि अवधान

(शताब्दी महोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बऱ्हाणपूरला येणाऱ्या पाहुण्याला येथील माणूस ज्या गोष्टी अभिमानाने दाखवतो, त्यांत कुंडी भंडाऱ्याचा क्रम बराच वरचा आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, इ. स. १६१५ मध्ये, एका फारसी भूजलतज्ज्ञाने ही योजना आखली. सातपुड्यातून झिरपत तापीकडे जाणारे पाणी जमिनीखालीच अडवायचे, शंभराहून अधिक कुंड्या भुयारी मार्गाने जोडायच्या आणि केवळ उताराच्या बळावर ते पाणी शहरात आणायचे, अशी ही रचना. तिला ना मोट लागली, ना रहाट. उतार मात्र अखंड राखावा लागला. पुढे या भुयारांच्या भिंतींवर पाण्यातल्या चुन्याचे थर साचत गेले आणि वाट अरुंद होत गेली. एका दिवसाचा थर कोणाच्याही डोळ्यांना दिसला नसता. तो दिसला शतकांनंतर.

मनुष्यदेहाचीही गत फारशी निराळी नाही. रक्तवाहिन्यांत साचणारा थर एका मेजवानीने साचत नाही आणि एका उपासाने उतरत नाही. आरोग्याचा प्रश्न हा मूलतः रोजच्या उताराचा, म्हणजेच दिनचर्येचा प्रश्न आहे. म्हणून आहार, व्यायाम आणि अवधान या तीन गोष्टींचा विचार त्या नित्याच्या कशा होतील, याच अंगाने करणे इष्ट.

पूर्वीच्या माणसाला व्यायामाचा वेगळा विचार करावा लागत नव्हता, कारण त्याचे श्रम त्याच्या पोटापाण्यातच होते. विहिरीवरून पाणी आणणे, जात्यावर दळणे, शेतावर पायी जाणे, हातमागावर दिवसभर हातपाय चालवणे, यांतून अन्न जिरत असे. या शहरात हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, जात्याची गिरणीने आणि पायांची मोटारसायकलने. श्रम हलके झाले ही तक्रार करण्याजोगी गोष्ट नव्हे. जुन्या काळी सारे निरोगी होते, ही समजूतही खरी नाही. दुष्काळ, पटकी, प्लेग आणि बाळंतपणातले मृत्यू यांनी त्या पिढ्या किती गांजल्या होत्या, हे जुने ग्रंथ वाचणाऱ्यांना सांगावयास नको. परंतु श्रम गेले आणि भूक तीच राहिली, किंबहुना जीभ अधिक सैल झाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे प्रौढांपैकी दर नवांत जवळजवळ एकाला.

‘हा विकार लठ्ठ माणसांचा, आम्ही तर काटक’, असे म्हणून यातून सुटका करून घेता येत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या समजुतीला स्वतःच्याच देहाचे उदाहरण देऊन उत्तर दिले. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसावयास सडपातळ आणि आतून मेदयुक्त, असा हा भारतीय देह आहे. त्याचे मूळ मातेच्या उदरापर्यंत जाते, असे पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. तेथील नवजात बालके वजनाने कमी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली आढळली. ज्या गर्भवतींच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा समावेश अधिक होता, त्यांची बालके आकाराने चांगली होती, हेही त्याच अभ्यासात दिसले.

हा निष्कर्ष घरोघरच्या एका जुन्या रीतीला प्रश्न विचारणारा आहे. घरातली स्त्री सर्वांना वाढून मग जेवते. तोवर भाजी संपलेली असते. उरते ती भाकरी, डाळीचे पाणी आणि सकाळचे शिळे. या रीतीला त्यागाचे नाव दिले जाते, पण तिची किंमत पुढची पिढी मोजते. म्हणून आहारसुधारणेचा पहिला नियम कोणत्याही पथ्यपाण्याच्या पुस्तकातला नसून पंक्तीतला आहे: घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे आणि भाजी सर्वांच्या पानात सारखी पडावी.

दुसरा नियम मात्रेचा. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात पोटाचे चार भाग कल्पिले आहेत. दोन भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक वायूसाठी मोकळा ठेवावा, असे तेथे सांगितले आहे. आजचा आहारशास्त्रज्ञ निराळ्या मापांनी बोलतो: दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाज्या व फळे, आणि मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याएवढ्यापेक्षा, कमी. हे मीठ केवळ भाजीतले नव्हे. लोणचे, पापड, शेव आणि फरसाण यांतलेही त्यातच धरावयाचे. हा हिशेब मांडला तर पुष्कळांचे दिवसाचे मीठ दुपारच्या जेवणापर्यंतच संपलेले दिसेल.

यासाठी परदेशी पदार्थांच्या मागे जाण्याचे कारण नाही. तापीच्या या खोऱ्यात दादर ज्वारीची भाकरी आहे, उडीद मिसळलेली कळण्याची भाकरी आहे, तुरीचे वरण, वाफवलेले फुणके, अंबाडीची भाजी आणि वांग्याचे भरीत आहे. भरितावरची तेलाची धार मात्र हात राखून धरावी, आणि ताटाचा निम्मा भाग भाजी-कोशिंबिरीने भरावा. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा ज्या धान्याला शहरी लोक ‘गरिबाचे अन्न’ म्हणत होते, तेच सुंदर वेष्टनात महाग होऊन दुकानात आले. केळी तर या जिल्ह्याचे मुख्य पीक. बागेतले केळे आणि तळून मीठ लावलेले त्याचे वेफर यांतला फरक मात्र ध्यानी ठेवला पाहिजे. मावा जिलबी आणि दराबा यांना हद्दपार करावे, असे कोणी सुचवले तर ते या गावात टिकणार नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. सणाचा पदार्थ सणालाच राहिला, तर त्याची गोडी आणि माणसाची प्रकृती दोन्ही टिकतात. तो रोजचा झाला की दोन्ही जातात. उपवासाचेही तसेच. साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाणे यांच्या राशीवर केलेला उपवास पोटाला विश्रांती देत नाही. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण लोकांनीच केली आहे.

व्यायामाच्या बाबतीत मराठी माणसाला फार मोठा वारसा लाभला आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातील शाळांत नेले; १९३८ मध्ये त्यांचा हा विचार इंग्रजी पुस्तकाद्वारे लंडनच्या वाचकांपर्यंत पोहोचला. अमरावतीला १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. स्वामी कुवलयानंद यांनी बडोद्यात प्रो. माणिकरावांकडे शरीरसाधनेचे धडे घेतले, शेजारच्या खानदेशात अमळनेरला अध्यापन केले आणि १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसन-प्राणायामाच्या परिणामांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांचा आहे. असे खंड ग्रंथालयांच्या कपाटांत शोभतात. प्रश्न आहे तो ते वाचणाऱ्याच्या अंगाला घाम येतो की नाही, हा.

या परंपरेत एक उणीवही राहिली. तालीम तरुण पुरुषांची मानली गेली. लग्न झाले, संसार लागला की लंगोट खुंटीला. स्त्रियांचा आणि प्रौढांचा तीत विचार थोडका झाला. वास्तविक चाळिशीनंतरच व्यायामाची गरज वाढते. १९५३ साली लंडनमध्ये डॉ. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुमजली बसगाड्यांवरच्या नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, जिने चढत-उतरत तिकिटे देणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत असल्याचे त्यात आढळले. जिने चढणे हा काही मल्लाचा व्यायाम नव्हे. पण तो रोजचा होता. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही साधीच आहे. आठवड्यात निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास झपाझप चालणे, आणि त्याखेरीज दोन दिवस स्नायूंना बळ देणारे श्रम. वाग्भटानेही थंडीत आणि वसंतात निम्म्या शक्तीइतकाच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी करावा, असे सांगितले आहे. येथला उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला या सल्ल्याचे शहाणपण सांगावे लागणार नाही.

यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला ‘पहाटे फिरायला जा’ म्हणणे ही मात्र थट्टा ठरेल. तो तासन्‌तास उभा असतो, पण उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे. त्याला प्रथम हवी ती अखंड झोप, कानांना गोंगाटापासून संरक्षण आणि पाळीच्या मधल्या सुटीत चहा-भज्यांऐवजी घरची भाकरी. आरोग्याचा उपदेश माणसाच्या कामाचे तास पाहून करावा लागतो. जेथे तो तास पाहत नाही, तेथे तो फक्त सुखवस्तूंचा छंद होतो.

या साऱ्याचा प्रत्यक्ष पडताळा मराठी वाचकाला एका पुस्तकाने दिला. गडचिरोलीत आदिवासींच्या आरोग्यासाठी आयुष्य वाहिलेले डॉ. अभय बंग यांना ऐन चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गाठले. इतरांच्या आरोग्याची चिंता वाहणाऱ्या वैद्यालाच आपल्या देहाकडे पाहण्यास सवड झाली नव्हती. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे त्यांचे पुस्तक २००० साली निघाले आणि ग्रंथालयांत हातोहात फिरले. आहार, व्यायाम, योग आणि ध्यान यांनी त्यांनी दिनक्रम नव्याने रचला. त्याच दिशेने अमेरिकेतील डॉ. डीन ऑर्निश यांनी १९९० मध्ये आपल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. अत्यल्प स्निग्धांशाचा शाकाहार, चालणे, तंबाखूत्याग आणि मनाची विश्रांती यांचे एक वर्ष पालन केल्यावर बहुतेक रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतील अडथळा थोडा कमी झाला होता. प्रयोग अवघ्या ४८ रुग्णांचा होता, हे विसरू नये. आणि याचा आधार घेऊन कोणी वैद्याने दिलेले औषध परस्पर सोडू नये. दिनचर्या ही औषधाची सखी आहे, सवत नव्हे.

उरला अवधानाचा विचार. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी रुग्णांना श्वासाकडे आणि देहाकडे शांतपणे लक्ष देण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. त्याच्या तीन वर्षे आधी आपल्या इगतपुरीत सत्यनारायण गोएंका यांच्या मार्गदर्शनाखाली विपश्यनेचे केंद्र उभे राहिले होते. मराठीला तर ‘अवधान’ हा शब्द सात शतकांपासून परिचित आहे. ज्ञानदेव श्रोत्यांकडे वारंवार तेच मागतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार आणि निद्रा यांच्या मापाचा जो विचार येतो, त्याचे निरूपणही त्यांनी विस्ताराने केले आहे. व्यवहारात त्याचा अर्थ सोपा आहे. जेवताना दूरदर्शन आणि भ्रमणध्वनी बाजूला असावा. पहिला घास चावून, चव घेऊन गिळावा. पोट भरल्याची सूचना मेंदूपर्यंत पोहोचण्यास काही मिनिटे लागतात. घाईने जेवणारा ती येण्यापूर्वीच अधिक खाऊन मोकळा होतो. झोपण्यापूर्वी दहा मिनिटे श्वासाकडे पाहत बसावे. मन भटकले तर रागावू नये, त्याला परत आणावे.

सवय लागावी कशी, हा अखेरचा प्रश्न. लंडनमधील एका विद्यापीठात ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखादी नवी गोष्ट अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, कोणासाठी २५४ चा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्यात दिसले. म्हणून नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी दहा संकल्प करण्यापेक्षा एकच घ्यावा आणि तो जुन्या सवयीच्या शेपटाला बांधावा. सकाळच्या चहाआधी पाच सूर्यनमस्कार. रात्रीच्या जेवणानंतर घराभोवती शतपावली. पुस्तक बदलण्यासाठी ग्रंथालयात यावयाचे ते वाहनाने न येता पायी.

या शेवटच्या संकल्पाला या शताब्दीत विशेष औचित्य आहे. वाचनाचा छंद माणसाला तासन्‌तास बसवतो, हा त्याचा दोष. पण अवधानाचे शिक्षण त्याच्याइतके दुसरे कोणी देत नाही, हा त्याचा गुण. सभासदांनी पायी यावे, पुस्तक घ्यावे, परत जाताना ते काखेत असावे आणि पावले मोजकी पण नेमाने पडावीत. शंभर वर्षे एखादी संस्था टिकते ती एखाद्या मोठ्या दिवसाच्या समारंभाने नव्हे, तर रोज ठरल्या वेळी कोणीतरी तिचे दार उघडते म्हणून. देहाचे दारही असेच, रोज ठरल्या वेळी उघडावे लागते.

ग्रंथालयाच्या पुढील शतकास आणि त्याच्या वाचकांच्या आरोग्यास शुभेच्छा.