संत मीनांची कुपी

आज जाऊया इजिप्तला, अलेक्झांड्रियाजवळच्या अबू मीनाला. संत मीना रोमन सैन्यातले शिपाई. ख्रिस्ती श्रद्धा सोडेनात म्हणून त्यांना मारलं, असं परंपरा सांगते. त्यांच्या समाधीवर मोठं तीर्थक्षेत्र झालं. यात्रेकरू तिथून मातीच्या कुपीत पाणी घरी न्यायचे, आपल्याकडे काशीहून गंगेचा गडू आणतात ना, तसंच. कुपीवर मीना आणि दोन बाजूंना उंट. मला तर ती फार गोड वाटते!

१९७९ मध्ये ही जागा जागतिक वारसा ठरली. पुढे आसपासच्या शेतीला पाणी आलं, भूजल चढलं. खालची चिकणमाती भिजली की चिखलच. बांधकामं खचली, समाधीच्या तळघरात वाळू भरावी लागली. २००१ मध्ये धोक्याच्या यादीत नाव. मग पाणी उपसायची सोय झाली आणि २०२५ मध्ये ते नाव निघालं. शेतकऱ्यांना नावं ठेवू नका हं, त्यांनाही पाणी हवंच होतं.