पाण्याखालचा छायाचित्रकार आणि त्याची हवेची पिशवी

चेन्नईच्या किनाऱ्यावरून बंगालच्या उपसागरात बुडी मारणाऱ्या छायाचित्रकाराचा मोठा शत्रू म्हणजे गाळ. पायाच्या एका झटक्याने तो उसळतो, दिव्याच्या झोतात त्याचा कण न् कण चकाकतो आणि चित्र वाया जाते. म्हणून पाण्यात आडवे व स्थिर कसे राहावे, हे कॅमेरा घेण्यापूर्वी ठरवावे.

त्यासाठी मुख्यतः दोन साधने मिळतात. जाकिटात हवा कमरेभोवती साठते. पाण्यावर ते माणसाला सुखाने ताठ धरते, पण खाली त्याच्या फुगलेल्या बाजू हातांना अडतात आणि पाय तळाकडे झुकतात. दुसऱ्यात पाठीवर पोलादी पत्रा आणि त्यामागे हवेची पिशवी असते. शरीर आडवे राहते, छाती मोकळी राहते. पृष्ठभागावर मात्र ही पिशवी तोंड पाण्याकडे ढकलते. किंचित मागे रेलले म्हणजे निभावते. माझा कौल हिलाच.

पिशवी अवाढव्य नको. दहा मीटरांवर दाब दुप्पट होऊन तिच्यातील हवा निम्मी होते, वर येताना पुन्हा फुगते. शिसे अधिक बांधले की हवाही अधिक भरावी लागते आणि ही चढउतार अनावर होते. इथले पाणी उबदार. पातळ पोशाख पुरतो, शिसेही थोडे लागते. शिवाय श्वासागणिक टाकी हलकी होत जाते, अखेरीस दोन-अडीच किलोंनी. तेव्हा टाकी सरत आली असता, आणि कॅमेरा सोबत्याच्या हाती दिलेला असता, पाच मीटरांवर स्थिर राहता येईल एवढेच शिसे घ्यावे. कॅमेऱ्याचा भार कॅमेऱ्यालाच तरंड बांधून वेगळा तोलावा. त्याच्या वजनावर विसंबलेला माणूस तो हातून सुटताच वर उसळतो, आणि श्वास रोखलेला असला तर फुप्फुस फाटू शकते.