हिशेब दिलेल्याचा आणि हिशेब घडलेल्याचा

(मुलचेरा येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस आज येथे बोलण्याची आज्ञा केली आणि विषयही आम्हीच निवडावा असे सुचविले. निवडलेला विषय काहीसा रूक्ष आहे, आणि त्यात आमच्या स्वतःच्या एका चुकीची कबुली यावयाची आहे. भोजनास अद्याप अवकाश असल्याने आपण ती ऐकून घ्याल, अशी आशा आहे.

वार्षिक अहवाल आपण आताच ऐकला. किती विद्यार्थ्यांस साहाय्य दिले, किती विवाह सामुदायिक सोहळ्यात लागले, शिल्लक काय राहिली, हे सर्व त्यात आले. पै-पैचा हिशेब चोख आहे. परंतु ज्यांना साहाय्य दिले त्यांचे पुढे काय झाले, याविषयी त्यात एक ओळही नाही. हा दोष आजच्या चालकांचा नव्हे. शिष्यवृत्ती समितीवर कित्येक वर्षे आम्हीच होतो, आणि ती ओळ आम्हीही कधी लिहिली नाही.

ती कशी लिहावी हे पाहण्यास दूर जावयास नको. आपल्याच जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ या संस्थेचे काम आरंभिले. प्रथम त्यांनी सिकलसेल या रक्तदोषाचा शोध घेतला. शोध शास्त्रशुद्ध होता. पण लोकांच्या लेखी तो प्रश्न अग्रक्रमाचा नव्हता. हे ध्यानी येताच त्यांनी कामाची दिशा बदलली. विद्वानास हे किती जड जात असेल, याची कल्पना करावी!

पुढे १९८८ च्या सुमारास गावोगाव प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदला गेला, तेव्हा हजार जन्मांमागे १२१ बालके वर्षाच्या आत दगावतात, असे दिसून आले. त्यांत न्यूमोनियाचा वाटा मोठा. नाल्यांस पूर आला म्हणजे दवाखाना किती दूर जातो, हे मुलचेऱ्याच्या लोकांस आम्ही काय सांगावे? म्हणून गावातीलच माणसांस व सुइणींस लेकराचे श्वास मोजून औषध देण्यास शिकविले. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नसत त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ यांचे एक साधे साधन केले. उपचार झालेल्या ६१२ रुग्ण बालकांत मृत्यू शेकडा एकाहूनही कमी झाले. जेथे ही योजना नव्हती त्या गावांत ते प्रमाण शेकडा १३ च्या वर होते.

येथे दुसऱ्या एखाद्या संस्थेने शाल-श्रीफळ स्वीकारले असते आणि ती स्वस्थ बसली असती. पण मोजणी चालूच होती, आणि तिनेच दाखविले की जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातील बालके अजूनही जात आहेत. म्हणजे अर्धे काम तसेच उरले होते. मग १९९५ पासून ३९ गावांतील थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांस नवजात बालकाची घरीच काळजी घेण्याचे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही देण्याचे शिक्षण मिळाले. शेजारची ४७ गावे तुलनेसाठी ठेवली होती. नाहीतर सुधारणा आपल्या श्रमाची की केवळ काळाची, हे कसे कळावे? ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. शेजारी ते ६० च्या आसपासच राहिले. हीच रीत पुढे २०११ मध्ये ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या कामात देशभर स्वीकारली गेली.

आता आमची कबुली. गतवर्षी आम्ही दोन कार्यकर्त्यांस बरोबर घेऊन जुन्या शिष्यवृत्तीधारकांच्या घरी गेलो. एका घरी भिंतीवर आपल्याच स्मरणिकेतील पान चिकटविलेले होते. मुलीच्या गळ्यात हार, हातात पाकीट, खाली नाव व टक्केवारी. आम्हांस धन्यता वाटली. मुलगी कोणत्या वर्षाला आहे, असे विचारले. आई म्हणाली, “पैसे आले जी, पन पोरगी घरी बसल्यावर आले.”

परिचारिकेच्या शिक्षणक्रमास तिला प्रवेश मिळत होता. शुल्क भरावयाचे होते पावसाळ्याच्या तोंडी, जेव्हा घरातील सारा पैसा बियाण्यात व रोवणीत अडकलेला असतो. आपले संमेलन भरते धान निघाल्यावर. आम्ही हार घातला तेव्हा ती सहा महिने घरी बसलेली होती, आणि आमच्यापैकी एकानेही तिला विचारले नाही. अशी आणखी तीन घरे निघाली. त्या वर्षांच्या अहवालात ही चारही मुले ‘साहाय्य दिले’ या सदरात अभिमानाने मोजलेली आहेत.

चौकशी केल्याने कुटुंबास उणेपणा येतो, असा आक्षेप समितीत निघाला. त्यात तथ्य आहे. फौजदारासारखे दारात उभे राहून विचारले तर येणारच. परंतु त्या माउलीस उणेपणा आला नाही. मान खाली गेली ती आमची. चौकशी मुलांची नसून आपल्या व्यवस्थेची आहे, हे प्रथमच सांगावे.

यास्तव आमची सूचना एवढीच की, रक्कम यापुढे प्रवेशाच्या वेळी, समारंभावाचून द्यावी. दिवाळीस आणि परीक्षेपूर्वी प्रत्येक घरी एकदा जावे, जे कळेल ते वहीत लिहावे, आणि दर सभेत अहवालाआधी ती वही वाचावी. वहीत नियम चुकीचा ठरला तर वर्षअखेरची वाट न पाहता तो बदलावा. वह्या आम्ही बरोबर आणल्या आहेत. मुलचेरा, चामोर्शी व अहेरी या भागांतून ज्यांना हे काम पत्करावयाचे असेल, त्यांनी पंगत बसण्यापूर्वी आपली नावे आमच्याजवळ द्यावीत.