फळ्यावर दुरुस्त केलं, वहीत केलंत का?



मघाशी सूत्रसंचालनात माझी ओळख 'कम्प्युटरवाली' अशी करून दिली. चहाच्या वेळी तिघांनी विचारलं, "पण तू नेमकं करतेस काय?" आजवर मी हा प्रश्न हसून टाळत आले. आज पाच मिनिटं हातात आहेत, तर सांगूनच टाकते.

आपलं इंग्रजीचं पुस्तक आठवा. प्रत्येक शब्दाला शब्दकोश उघडला तर धडा संपायचा नाही. अख्खा धडा आधी मराठीत उतरवायचा तर रविवार जायचा. मग आपण वाचायला सुरुवात करायचो आणि जो शब्द पुन्हापुन्हा आडवा येई, त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने अर्थ लिहून ठेवायचो. मी पोटासाठी हेच करते.

प्रोसेसरला फक्त यंत्रभाषा कळते, म्हणजे नुसते आकडे. जावास्क्रिप्टसारख्या भाषेतला प्रोग्रॅम दर वेळी सूचनेमागून सूचना उलगडत चालवला तर सावकाश चालतो. म्हणून तो चालू असतानाच, जो भाग हजारो वेळा लागतो तेवढ्याचंच यंत्रभाषेत भाषांतर करून ठेवायचं. याला जस्ट-इन-टाइम कंपायलेशन म्हणतात, आम्ही नुसतं 'जिट' म्हणतो. युक्ती जुनी आहे. मजकुरात हवा तो नमुना शोधण्यासाठी आयबीएम ७०९४ या संगणकाची यंत्रभाषा ऐन वेळी तयार करण्याची रीत केन थॉम्पसन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केली. १९९९ साली जावासाठी हॉटस्पॉट आलं, २००८ साली क्रोमबरोबर व्ही८ आलं. तुमच्या ब्राउझरमध्ये हे भाषांतर आत्ताही चालू असेल.

'४२ हे उत्तर दे आणि परत ये' ही गोष्ट इंटेलच्या प्रोसेसरला सांगायला सहा बाइट पुरतात : बी८, २ए, ००, ००, ००, सी३. ऑपरेटिंग सिस्टिमकडून मेमरीचं एक पान मागून घ्यायचं, त्यात हे सहा बाइट लिहायचे, मग लिहिण्याची परवानगी काढून चालवण्याची द्यायची. दोन्ही परवानग्या एकाच वेळी ठेवल्या तर कोणी आगंतुक आपला मजकूर त्यात घुसवून चालवू शकतो. शेवटी त्या पत्त्यावर उडी घ्यायची. पहिल्यांदा पडद्यावर ४२ उमटले, तेव्हा दहावीच्या निकालाइतका आनंद झाला होता.

आता खरं सांगायचं ते. काही वर्षांपूर्वी मी असंच एक साधन लिहिलं. माझ्या इंटेलच्या मशिनवर ते व्यवस्थित चालायचं. एआरएम प्रोसेसरच्या उपकरणांवर मात्र दिवसातून एखाद्या वेळी भलतंच उत्तर यायचं. त्या उपकरणांचं काम एक नवा मुलगा बघत होता. मी भर बैठकीत म्हणाले, "चूक तुझ्याकडेच आहे." तीन आठवडे तो स्वतःचा कोड तपासत राहिला. मग माझ्या शब्दावरून त्याला त्या कामावरून काढलं.

चूक माझी होती. प्रोसेसर सूचनांची एक प्रत स्वतःजवळ, कॅशमध्ये ठेवतो. इंटेलचा प्रोसेसर मेमरीत बदल झाला की ती प्रत आपली आपण सुधारतो. एआरएमला ते मुद्दाम सांगावं लागतं. मी नवीन यंत्रभाषा मेमरीत लिहीत होते, पण 'जुनी प्रत टाकून दे' हे सांगायला विसरले होते. त्यामुळे कधीकधी जुनीच सूचना चालायची. एलएलव्हीएमसारखी तयार साधनं ही काळजी स्वतः घेतात. मला सगळं हातानं करायची हौस होती.

कारण सापडलं त्या रात्री मला गणिताच्या बाई आठवल्या. फळ्यावरचं गणित चुकलं तर बाई पुसून दुरुस्त करायच्या, पण तिथे थांबायच्या नाहीत. "फळ्यावर दुरुस्त केलं, वहीत केलंत का?" असं विचारत बाकाबाकावरून फिरायच्या. आम्हाला वाटायचं, किती तो वेळ घालवणं!

दुसऱ्या दिवशी मी कोडमध्ये एक ओळ घातली, चूक माझी असल्याचं सगळ्यांना ई-मेलनं कळवलं आणि त्या मुलाची माफी मागितली. झालं, असं वाटलं. पण दोन महिन्यांनी कोणीतरी सहज म्हणालं, "तो ना? त्याच्याच कोडमुळे सगळं अडलं होतं." मी फळा पुसला होता, वह्या तशाच राहिल्या होत्या. मग मी एकेकाला गाठून सांगितलं. तोवर तो मुलगा नोकरी सोडून गेला होता. त्याला नवीन ठिकाणी शिफारस हवी होती, ती मी लिहून दिली. तेवढंच हातात उरलं होतं.

आज इतक्या वर्षांनी आपण भेटतोय. शाळेत आपण एकमेकांना नावं ठेवली, शिक्के मारले. कोणी 'ढ', कोणी 'भित्री', कोणी 'चोरटा'. त्यातलं बरंचसं खोटं होतं, हे आपल्याला केव्हाच कळलंय. पण ज्याच्यावर शिक्का बसला, त्याला आपण सांगितलं का? जेवणाला अजून अर्धा तास आहे. मला स्वतःला दोन बाकांवर जायचंय.

बाई, तुमचा आवाज अजून ऐकू येतो.