टेलिफोनचें बिल कसें वाचावें

श्रोतेहो, वाण्याची यादी हातीं आली म्हणजे गृहिणी तिच्यांतील प्रत्येक ओळ पडताळून पाहते. परंतु टेलिफोनचें बिल आलें कीं घरांतील बहुतेकांची दृष्टि एकदम तळच्या आंकड्यावर जाते. तो आंकडा मोठा दिसला, तर कोणी निमूटपणें पैसे भरतो, तर कोणी संतापून भरणेंच थांबवितो. हा दुसरा मार्ग अधिक घातक होय. जोडणी तुटली, तर ज्या वृद्धांचें तेंच एक साधन, त्यांना अवेळीं डॉक्टरांस बोलावणेंहि कठीण होतें.

पूर्वीं हें अज्ञान क्षम्य होतें. ग्राहकानें स्वतः क्रमांक फिरवून परगांवीं बोलण्याची सोय भारतांत प्रथम सन 1960 मध्यें कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान झाली. अशा संभाषणाची मोजणी एक्स्चेंजमधील मीटर करी. अंतर जितकें अधिक, तितके त्याचे ठोके जलद. एकूण ठोक्यांवरून कोणाशीं किती वेळ बोलणें झालें, याचा उलगडा होत नसे. आतां बिलांत निरनिराळ्या रकमा निरनिराळ्या ओळींत दिलेल्या असतात.

पहिली रक्कम योजनेच्या भाड्याची. फोन वापरला नाहीं, तरी ती द्यावीच लागते. नव्या जोडणीच्या पहिल्या बिलांत मागील अपुऱ्या महिन्याचे दिवस व पुढील महिन्याचें भाडें एकत्र आल्यास तें बिल फुगलेलें दिसतें. दुसरी रक्कम वापराची. योजनेंत समाविष्ट नसलेलीं संभाषणें, विशेषतः परदेशचीं, येथें येतात. तिसरा कर. 1 जुलै 2017 पासून वस्तु व सेवा कर सुरू झाला. टेलिफोनवर तो शेंकडा 18 आहे, आणि बिलांत केंद्राचा 9 व राज्याचा 9 असा विभागून दाखविलेला असतो.

समजा, भाडें 400 रुपये व वापर 50 रुपये. एकूण 450 वर कर 81, म्हणजे चालू बिल 531 रुपयांचें. त्याखालीं मागील बाकीहि 531 छापलेली असेल, तर देय रक्कम 1062 दिसेल. मागील पैसे बिल तयार झाल्यानंतर भरले असतील, तर ती बाकी केवळ कागदावरची आहे. येथें पावतीवरील तारीख व बिलाची तारीख ताडून पाहिली, तर दोनदां पैसे भरण्याचा प्रसंग टळतो.

न मागितलेल्या सेवेची आकारणी दिसली, तर मुदत संपण्यापूर्वीं तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मागून घ्यावा. समाधान न झाल्यास कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागतां येते. मात्र तोंडी तक्रारीवर विसंबून बिल तसेंच पडूं देऊं नये. जोडणी बंद करतांना अनामत रक्कम परत मागण्यासहि विसरूं नये.

महिन्यांतून दहा मिनिटें या कागदास दिलीं, तर घरचा पैसा वांचतो, आणि त्याहून मोलाची अशी घरची शांतताहि टिकते.