एक अ‍ॅप, दोन बाजार
(मंडळाच्या वार्षिक दिनी केलेले भाषण)



दिवाळीचा फराळ, मसाले आणि चिकूच्या सुक्या फोडी यांच्या मागण्या घेण्यासाठी मंडळाने स्वतःचे अ‍ॅप काढावे, असा विचार मागल्या बैठकीत निघाला आणि माहिती काढण्याचे काम माझ्याकडे आले. मी सातवी शिकलेली बाई. पण ज्यांना यातले कळते त्यांच्याकडे पालघरला आणि बोईसरला जाऊन, समजेपर्यंत पुनःपुन्हा विचारले. पैसा आपल्या बचतीचा आहे, तेव्हा विचारायला लाज कसली?

पहिली गोष्ट अशी की, अ‍ॅप एकदा केले म्हणजे सगळ्या फोनांत चालले असे होत नाही. फोनांची दोन राज्ये आहेत. एक गूगलचे अँड्रॉइड, दुसरे अ‍ॅपलचे आयफोन. दोघांचे अ‍ॅपचे बाजार २००८ सालीच उघडले. अँड्रॉइडचे काम कोटलिन नावाच्या भाषेत लिहितात, आयफोनचे स्विफ्टमध्ये. आपल्या चिंचणी-तारापूरकडे दागिन्यांच्या डाय कोरतात ना, तसेच हे. नक्षी एकच असली तरी माप बदलले की डाय निराळी.

यावर तोड म्हणून फ्लटर आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्ह अशी साधने निघाली आहेत. पहिले गूगलने काढले, दुसरे फेसबुकने. त्यांत एकदाच लिहून दोन्हींकडचे अ‍ॅप निघते. मात्र आयफोनचे अ‍ॅप तयार करायला शेवटी अ‍ॅपलचाच मॅक संगणक लागतो, विकतचा म्हणा की भाड्याचा. शिवाय दुकानाची पट्टी वेगळी. गूगल एकदाच २५ डॉलर घेते, म्हणजे दोन हजारांहून थोडे अधिक. अ‍ॅपल दर वर्षाला ९९ डॉलर, म्हणजे आठ-नऊ हजार. आपण फराळावर वर्षाकाठी काय शिल्लक टाकतो ते चिटणीसबाईंच्या वहीत आहेच, मी बोलत नाही!

मग दोन्ही बाजारांत बसायचे की एका? इथे मला एम-इंडिकेटरची आठवण होते. डहाणूपर्यंत लोकल एप्रिल २०१३ मध्ये आली, तेव्हापासून आपल्यातल्या नोकरीवाल्या मुली गाडीची वेळ त्यातच पाहतात. ते सचिन टेके यांनी केले. बटणांचे फोन होते तेव्हा ते त्या फोनांसाठी जावा भाषेत केले होते. पुढे लोकांच्या हाती अँड्रॉइड आले तसे तेही तिकडे गेले. प्रवाशाच्या हातात जो फोन, त्यासाठी अ‍ॅप. त्या काळात ब्लॅकबेरी आणि विंडोज फोनचाही केवढा बोलबाला होता! त्यांचे बाजार उठले, आणि ज्यांनी केवळ त्यांच्यासाठी खर्च केला त्यांचे काम वाया गेले.

म्हणून माझे मत असे की, आधी अँड्रॉइड. आपल्या देशात शंभरांतले नव्वदांहून अधिक फोन तेच आहेत. आपल्या मंडळात मी स्वतः मोजले, आयफोन तिघींकडे, आणि त्यांतले दोन परदेशातल्या मुलांनी धाडलेले. त्या तिघींची मागणी आपण पूर्वीसारखी फोनवर घेऊ. काम मात्र फ्लटरमध्ये करवून घ्यावे, म्हणजे पुढे आयफोनसाठी सारे नव्याने लिहावे लागणार नाही.

एक भीती काहीजणींनी बोलून दाखवली होती, की गूगल आपल्या चकलीवर दलाली घेईल. तसे नाही. त्यांचा हिस्सा खेळ, गाणी असल्या फोनमध्येच मिळणाऱ्या मालावर असतो. डब्यात भरून द्यायच्या मालावर दोघेही काही घेत नाहीत.

आता खरी काळजीची गोष्ट. शेजारच्या एका मंडळाने अ‍ॅप करवले. करणाऱ्याने बाजारातले खाते स्वतःच्या नावाने उघडले. पुढे तो गाव सोडून गेला, फोन उचलेना. भाव बदलले, जुनेच दिसत राहिले, आणि सुधारणा करण्याचा हक्क कुणाकडेच नाही. नव्या नावाने नवे अ‍ॅप काढावे तर प्रत्येक गिऱ्हाइकाने ते पुन्हा उतरवून घ्यायला हवे. गिऱ्हाईक एवढा खटाटोप करील काय? शिवाय अँड्रॉइडच्या नव्या नव्या आवृत्त्या निघतात, तसतसे अ‍ॅपही अद्ययावत करावे लागते. नाही केले तर नव्या फोनवाल्याला ते बाजारात दिसतच नाही. म्हणजे दरसाल थोडा खर्च ठेवणे आले, आणि तो करायला खाते आपल्या हाती हवे.

खाते दोन रीतींनी उघडते. एखाद्या व्यक्तीच्या नावाने उघडले, तर विक्रीला ठेवण्यापूर्वी निदान १२ जणांनी सलग १४ दिवस ते आपापल्या फोनवर ठेवून पाहावे लागते. हा आकडा २०२३ साली २० होता, पुढे कमी केला. संस्थेच्या नावाने उघडायचे तर ही अट नाही. पण डन्स नावाचा नऊ आकडी क्रमांक आणि संस्थेची कागदपत्रे लागतात. आपले मंडळ नोंदलेले आहे. तेव्हा खाते मंडळाच्याच नावे असावे, ईमेल मंडळाचा, परवलीचा शब्द अध्यक्षबाई आणि चिटणीस दोघींकडे, असे मी सुचवते. कागदपत्रांना वेळ लागला तरी चालेल.

आणि अट नसली तरी बाराजणींची परीक्षा आपण घेऊच. चष्मा लावूनही अक्षर लागत नाही, ‘किलो’च्या जागी ‘नग’ पडते, हे संगणकावर बसलेल्या मुलाला कसे दिसणार? त्यात साठीच्या पुढच्या निदान चौघी असाव्यात, आणि मराठी टंकायला येत नाही अशाही दोघी.

ज्या तयार असतील त्यांनी कार्यक्रम संपल्यावर माझ्याकडे नाव आणि फोनवरचा जीमेलचा पत्ता लिहून द्यावा. पाचजणींची नावे आलेली आहेत, सात हवी आहेत.