गाडी चुकली म्हणून

"ती लोकल चुकली नसती, तर आपण भेटलोच नसतो." हे वाक्य ऐकलं की मला किशलोव्स्कीचा 'ब्लाइंड चान्स' हा पोलिश सिनेमा आठवतो. १९८१ साली बनला, सरकारने अडवला, १९८७ मध्ये लागला.

विटेक हा मेडिकलचा विद्यार्थी. सुटलेल्या वॉर्सॉच्या गाडीमागे धावतोय. गाडी मिळाली, तर कम्युनिस्ट पक्षात जातो. गार्डला धडकला, तर अटक आणि पुढे सरकारविरोधी चळवळ. नुसतीच चुकली, तर फलाटावर ओल्गा भेटते. मग लग्न, डॉक्टरकी, मूल. प्रत्येक आयुष्यात प्रेम वेगळ्याच मुलीवर! आमच्या कोडमध्ये 'इफ'ची अट निदान आपण लिहिलेली असते, इथे विटेकला ती माहीतही नाही.

पण तिन्हीकडे माणूस तोच, जीव लावणारा. कोण भेटणार ते दोन सेकंदांत ठरतं, जीव लावणं मात्र त्याचं स्वतःचं. मला हे जास्त पटतं.

आता स्पॉयलर, सॉरी. तिन्ही आयुष्यांत पॅरिसचं एक विमान येतं. पहिल्या दोन्हींत तो त्यात बसत नाही. सुखी संसारवाल्या तिसऱ्यात बसतो, आणि विमानाचा स्फोट होतो. खरं तर तो आधीच निघणार होता. बायकोच्या वाढदिवसासाठी त्याने जाणं पुढे ढकललेलं असतं.